कर्बोदकांची वखवख आटोक्यात आणण्याची रीत

पोटभर जेवण झालेले असते, भूक म्हणावी तर नसते आणि तरीही अर्ध्या तासाने हात बिस्किटांच्या पुड्याकडे जातो. दोनच खायची असे ठरवलेले असते. पुडा संपल्यावर लक्षात येते की शेवटच्या चार-पाच बिस्किटांची चव जाणवलीच नव्हती. ज्यांना हा अनुभव क्वचित येतो त्यांना फारसे काही बदलण्याची गरज नाही. मात्र ज्यांचा दिवस या ओढीभोवती फिरतो, ज्यांनी साखर, पाव, वेफर्स सोडण्याचा निश्चय अनेकदा केला आणि तो संध्याकाळपर्यंतच टिकला, आणि जे त्याचा दोष स्वतःच्या दुबळ्या मनाला देत आले आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे. यात इच्छाशक्तीचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा फार लहान असतो. कोणता पदार्थ, किती वेळ उपाशी राहिल्यानंतर, कशाच्या जोडीने आणि किती झोप झालेली असताना समोर येतो, यावर बहुतेक गोष्टी ठरतात आणि या सगळ्यात बदल करता येतो.

हे व्यसन आहे का?

चटक, वखवख आणि व्यसन हे तीन शब्द आपण सैलपणे वापरतो, पण त्यांत फरक आहे. चटक चवीची लागते, वखवख भूक नसतानाही होते, आणि व्यसनात नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही माणसाला थांबता येत नाही. कर्बोदकांच्या बाबतीत तिसरा शब्द वापरावा की नाही, यावर तज्ज्ञांचे अजून एकमत झालेले नाही. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या मानसविकारांच्या वर्गीकरणात अन्नाच्या व्यसनाला स्वतंत्र निदान म्हणून स्थान मिळालेले नाही. अनावर खाण्याचा विकार मात्र त्यात आहे. दुसऱ्या बाजूला येल विद्यापीठात अॅशली गिअरहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रश्नावली तयार केली, जिच्यात मद्य आणि अमली पदार्थांच्या व्यसनाचे निकष अन्नाला लावलेले आहेत. ठरवल्यापेक्षा जास्त खाल्ले जाते का, कमी करण्याचे प्रयत्न वारंवार फसतात का, त्रास होत आहे हे कळूनही खाणे चालूच राहते का, न खाल्ल्यास बेचैनी येते का, असे ते प्रश्न आहेत. आपली अवस्था चटकेची आहे की त्यापुढची, हे ओळखायला एवढे प्रश्नही पुरेसे उपयोगी पडतात.

याच वाटेने २०१५ मध्ये झालेल्या एका अभ्यासात लोकांना ३५ पदार्थांपैकी कोणत्या पदार्थांबाबत स्वतःवर ताबा राहत नाही, असे विचारण्यात आले. पिझ्झा, चॉकलेट, वेफर्स, कुकीज आणि आइस्क्रीम यादीत वरच्या बाजूला आले. काकडी, गाजर आणि घेवड्याच्या बिया तळाशी राहिल्या. मला यातली महत्त्वाची गोष्ट अशी वाटते की गाजरात आणि घेवड्यातही कर्बोदके असतातच, तरीही त्यांची वखवख कुणाला होत नाही. म्हणजे ‘कर्बोदकांचे व्यसन’ हे नाव सोयीचे असले तरी नेमके नाही. पकड बसते ती धान्य किंवा साखर शुद्ध करून, तिच्यातील तंतू (फायबर) काढून टाकून आणि बहुतेक वेळा तिला भरपूर स्निग्धांशाची जोड देऊन बनवलेल्या पदार्थांची. नुसत्या पावाची किंवा नुसत्या भाताची ओढ असणारी माणसेही असतात, म्हणून आपली यादी आपणच करावी लागते. पण ती करण्यापूर्वीच सगळ्या कर्बोदकांना शत्रू ठरवले, तर फळे आणि कडधान्ये विनाकारण सुटतात आणि आहार इतका रूक्ष होतो की तो टिकत नाही.

या पकडीमागे शरीरातील एक चक्रही काम करते. तंतू काढून टाकलेले पिष्ट लवकर पचते, रक्तातील साखर झपाट्याने चढते, तिला खाली आणण्यासाठी इन्सुलिन मोठ्या प्रमाणात स्रवते आणि काही तासांनी साखर मूळ पातळीच्याही खाली जाऊ शकते. बॉस्टनमधील डेव्हिड लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये वजन जास्त असलेल्या १२ पुरुषांना दोन वेगवेगळ्या दिवशी दोन मिल्कशेक दिले. दोन्हींचे उष्मांक आणि चव सारखी होती, फक्त एकातील कर्बोदके झपाट्याने शोषली जाणारी होती. तो मिल्कशेक प्यायल्यानंतर चार तासांनी त्यांची साखर अधिक उतरलेली, भूक अधिक तीव्र आणि मेंदूतील न्यूक्लियस अॅकम्बन्स हा भाग अधिक सक्रिय आढळला. आनंद आणि ओढ यांच्याशी जोडलेला हा भाग व्यसनांच्या संशोधनातही वारंवार पुढे येतो. अभ्यास लहान आहे, त्यामुळे त्यावर फार मोठे निष्कर्ष बांधू नयेत. परंतु सकाळी गोड न्याहारी केलेल्या माणसाला दुपार होण्यापूर्वीच पुन्हा गोड का हवेसे वाटते, हे त्यावरून चांगले समजते.

पहिले आठ दिवस फक्त नोंद

पहिल्या आठवड्यात आहारात काहीही बदलू नये. एक वही घ्यावी आणि जे खाल्ले ते, त्याची वेळ, त्याआधी किती तास पोट रिकामे होते, आदल्या रात्री झोप किती झाली आणि खाताना भूक होती की नुसती वखवख, एवढे लिहावे. भूक आणि वखवख ओळखण्याची साधी कसोटी अशी आहे: समोर उकडलेले अंडे किंवा वाफवलेली भाजी आली तर ती खावीशी वाटेल का? वाटत असेल तर ती भूक आहे. ठरावीक एकच पदार्थ हवा असेल आणि दुसरे काही नको असेल, तर ती वखवख आहे.

आठ दिवसांनी वही वाचली की आकृती दिसू लागते आणि ती बहुतेक वेळा अपेक्षेपेक्षा वेगळी निघते. आपल्याला गोडाची ओढ आहे असे वर्षानुवर्षे समजणाऱ्या माणसाला कळते की तो खरे तर कुरकुरीत आणि खारट पदार्थांवर घसरतो. रात्रीच्या खाण्याने हैराण झालेल्या माणसाला दिसते की ज्या दिवशी दुपारचे जेवण चुकले किंवा अगदी तुटपुंजे झाले, त्याच दिवशी रात्री ताबा गेला. या नोंदींतून तीन ते पाच पदार्थांची एक यादी करावी, ज्यांच्याबाबत एकदा सुरुवात केली की थांबता येत नाही. पुढच्या टप्प्यांत जे काही सोडायचे आहे ते आधी या यादीतले सोडायचे आहे.

सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांना कधी भेटावे

हा भाग कुणीही ओलांडून पुढे जाऊ नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या चालू असतील आणि औषधाची मात्रा तीच ठेवून कर्बोदके एकदम कमी केली, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या वर्गातील औषधे घेणाऱ्यांना वेगळाच धोका असतो: साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन आम्ले साठून गंभीर अवस्था ओढवू शकते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांचा दाब आहार बदलल्यावर खाली येऊ शकतो, त्यामुळे उभे राहताना चक्कर येऊ शकते. या सर्वांनी औषधांचे फेरनियोजन करूनच सुरुवात करावी. गर्भवती आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रिया, मूत्रपिंडाचा आजार असलेले रुग्ण आणि वाढीच्या वयातील मुले यांनी तर स्वतःच्या मनाने हा प्रयोग करूच नये. ज्यांना अनावर खाण्याचा, खाऊन उलटी काढण्याचा किंवा उपाशी राहण्याचा विकार आहे अथवा पूर्वी होता, त्यांच्यासाठी कुठलाही कडक आहारनियम जुन्या आजाराला पुन्हा जागे करू शकतो. त्यांची पहिली भेट मानसोपचारतज्ज्ञाशी व्हायला हवी.

किती कमी म्हणजे कमी

दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके घेणे याला सर्वसाधारणपणे अल्प-कर्बोदक आहार म्हटले जाते आणि २० ते ५० ग्रॅमपर्यंत खाली गेल्यास त्याला कीटोजेनिक आहार म्हणतात. हा दुसरा प्रकार मुळात अपस्मारावरील (फिट येण्याच्या आजारावरील) उपचार म्हणून पुढे आला. मेयो क्लिनिकमधील रसेल वाइल्डर यांनी १९२१ मध्ये तो सुचवला आणि औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात मुलांसाठी तो आजही वापरला जातो. तो वैद्यकीय देखरेखीतला आहार म्हणून जन्माला आला, हे त्याच्या सध्याच्या लोकप्रियतेत विसरले जाते. वखवख आटोक्यात आणण्यासाठी एवढ्या खाली जाण्याची बहुतेकांना गरज नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. १०० ते १३० ग्रॅम या पातळीवर सुरुवात करावी, महिनाभर तिथेच स्थिर राहावे आणि मगच पुढे काय ते ठरवावे.

आकड्यांचा अंदाज येण्यासाठी काही प्रमाणे लक्षात ठेवावीत. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात, उकडलेल्या बटाट्यात तेवढ्याच वजनाला सुमारे २०, पावाच्या एका कापात १२ ते १५, मध्यम केळ्यात सुमारे २७ आणि ३३० मिलिलिटर कोलामध्ये सुमारे ३५, आणि ती सगळी साखरच असते. पालक, फ्लॉवर, काकडी यांसारख्या भाज्यांत १०० ग्रॅममागे साधारण ३ ते ५ ग्रॅम असतात. अंड्यात एक ग्रॅमही नसते. १०० ग्रॅम शिजलेल्या मसुरात सुमारे २० ग्रॅम असली, तरी त्यांपैकी जवळजवळ ८ ग्रॅम तंतूच असतात आणि सोबत सुमारे ९ ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणून मसूर आणि पाव यांना एकाच मापाने मोजणे योग्य नाही. हे आकडे आयुष्यभर मोजत बसण्यासाठी नाहीत. दोन आठवडे स्वयंपाकघरातील काट्यावर वजन करून पाहिले की नजर तयार होते आणि मग काटा बाजूला ठेवता येतो.

ताटाची मांडणी

बहुतेकांची चूक इथेच होते. ते ताटातील भात आणि पाव काढून टाकतात, त्यांच्या जागी काहीच ठेवत नाहीत, दुपारी चारपर्यंत भुकेने कासावीस होतात आणि मग जे हाताला लागेल ते खातात. काढण्यापूर्वी घालावे, हा क्रम पाळला तर अर्धी लढाई सोपी होते. नोंदीचे आठ दिवस संपल्यावर पुढच्या आठवड्यात प्रत्येक जेवणात २५ ते ३० ग्रॅम प्रथिने येतील एवढेच पाहावे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, १०० ग्रॅम शिजलेल्या कोंबडीत सुमारे ३०, तेवढ्याच माशात २० ते २५. शाकाहारी व्यक्तीला पनीर, टोफू, घट्ट दही, सोयाबीन आणि कडधान्ये यांची सांगड घालून ही मात्रा गाठावी लागते आणि तिच्यासाठी १३० ग्रॅमच्या आसपासची मर्यादाच व्यवहार्य ठरते.

सकाळपासून बदल सुरू करावा. न्याहारी गोड किंवा पिठूळ असेल तर दिवसभराचे चढउतार तिथूनच सुरू होतात. तिच्या जागी अंडी आणि भाजी, किंवा साखर न घातलेले दही आणि मूठभर बदाम-अक्रोड असे काही ठेवावे. न्याहारी नीट झाली की दुपारचे जेवण शांतपणे जेवता येते, आणि ते नीट झाले की संध्याकाळ सांभाळता येते. संध्याकाळच्या मोहावर संध्याकाळी उपाय शोधण्यात फारसा अर्थ नसतो. तो उपाय आठ-दहा तास आधी करायचा असतो.

जेवणाचा क्रमही उपयोगी पडतो. टाइप २ मधुमेह असलेल्या लोकांवर झालेल्या अभ्यासांत असे आढळले आहे की आधी भाज्या आणि प्रथिने खाऊन शेवटी पिष्टमय पदार्थ खाल्ले, तर जेवणानंतर साखर कमी चढते. शिवाय भाज्या आणि प्रथिने पोटात गेलेली असतात, तेव्हा शेवटचा भात आपोआपच कमी घेतला जातो. ताटाचा अर्धा भाग भाज्यांचा, पाव भाग प्रथिनांचा आणि उरलेला पाव भाग अखंड धान्य किंवा कडधान्यांचा ठेवावा. तेल, तूप, लोणी वर्ज्य करू नये, कारण कर्बोदके आणि स्निग्ध पदार्थ दोन्ही एकदम कमी केले तर माणूस उपाशीच राहतो. मात्र एका ग्रॅम स्निग्धांशात ९ उष्मांक असतात आणि कर्बोदकांत ४, हेही विसरू नये.

पाकिटावरील मजकूर वाचण्याची सवय लावावी. माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज, ग्लुकोज सिरप, फळांच्या रसाचा अर्क ही साखरेचीच भावंडे आहेत. ‘स्निग्धांशविरहित’ असे मोठ्या अक्षरांत छापलेल्या दह्यात तर हमखास साखर पाहावी.

पहिले दोन आठवडे

यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, साठवलेले असते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळजवळ ३ ग्रॅम पाणी असते. कर्बोदके बरीच कमी केली की हा साठा उतरतो आणि पाणी बाहेर पडते, म्हणून पहिल्या आठवड्यात वजन एक-दोन किलोंनी घटलेले दिसते. त्याने हुरळून जाऊ नये आणि तिसऱ्या आठवड्यात काटा थांबला म्हणून निराशही होऊ नये. इन्सुलिनची पातळी खाली आल्यावर मूत्रपिंडे सोडियम अधिक बाहेर टाकतात. डोकेदुखी, गळून गेल्यासारखे वाटणे, पायात गोळे येणे हे त्रास बहुधा त्यामुळे होतात आणि अनेकजण त्यांनाच ‘मला साखरेवाचून चालत नाही’ याचा पुरावा समजून प्रयोग सोडून देतात. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार नसेल तर दिवसातून एकदा मीठ घातलेले भाज्यांचे पातळ सूप आणि पुरेसे पाणी घेतल्याने हा त्रास चांगलाच कमी होतो. तंतू घटल्याने बद्धकोष्ठ होते, त्यावर भाज्यांचे प्रमाण वाढवणे हाच उपाय आहे. या दोन आठवड्यांत प्रवास, परीक्षा किंवा कामाचा मोठा ताण असेल तर सुरुवात पुढे ढकलावी.

वखवख उठते तेव्हा

यादीतील पदार्थ घरात ठेवू नयेत, हा उपाय साधा असला तरी त्याला पर्याय नाही. जे घरात नसते त्यासाठी उठून बाहेर जावे लागते आणि तेवढ्या वेळात लाट ओसरण्याची शक्यता असते. घरातील इतरांना ते पदार्थ हवे असतील, तर त्यांच्याशी आधीच मोकळेपणाने बोलून ठेवावे, नजरेआडची वेगळी जागा ठरवावी आणि आपल्याला आग्रह करू नये अशी स्पष्ट विनंती करावी. लाट आलीच तर घड्याळ लावून वीस मिनिटे थांबावे आणि शक्य असल्यास भरभर चालून यावे. एक्सेटर विद्यापीठातील प्रयोगांत नियमित चॉकलेट खाणाऱ्यांना पंधरा मिनिटे झपझप चालायला लावल्यावर त्यांची चॉकलेटची ओढ कमी झालेली दिसली. चालून आल्यावरही भूक असेल तर जेवावे. अंडे, दही, दाणे काहीही खावे, पण उपाशी राहून मोहाशी झुंजू नये.

झोपेकडेही तितक्याच गांभीर्याने पाहावे. २००४ मध्ये शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी १२ निरोगी तरुणांना दोन रात्री चार-चार तासच झोपू दिले, तेव्हा भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढले, तृप्ती देणारे लेप्टिन घटले आणि विशेषतः गोड, खारट व पिष्टमय पदार्थांची इच्छा वाढली. ज्या रात्री झोप झाली नाही त्याच्या दुसऱ्या दिवशी नवा निश्चय करू नये. त्या दिवशी फक्त वेळेवर जेवावे आणि लवकर झोपावे.

यादीतील पदार्थ कायमचे सोडावेत की थोडे थोडे खावेत, हा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. प्रिन्स्टन विद्यापीठात बार्ट होबेल आणि निकोल अॅव्हेना यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांचा दाखला साखरेच्या व्यसनासाठी नेहमी दिला जातो, परंतु त्यातील अर्धीच बाजू सांगितली जाते. रोज बारा तास अन्नावाचून ठेवून मग साखरेचे पाणी दिलेल्या उंदरांत अधाशीपणा आणि व्यसनासारखी लक्षणे दिसली. ज्यांना साखर सतत उपलब्ध होती त्यांच्यात ती तशी दिसली नाहीत. माणसाला हे जसेच्या तसे लागू करता येत नसले, तरी लांबलचक उपवास आणि त्यानंतर मोकळी सूट अशी पद्धत ज्यांना अनावर खाण्याकडे नेते, त्यांनी तो इशारा समजावा. सोडायचे ते थोडेच पदार्थ असावेत आणि ते सोडताना पोट मात्र भरलेले असावे. माझा सल्ला असा आहे की यादीतील पदार्थ सहा आठवडे पूर्ण बंद ठेवावेत आणि नंतर एकेकच परत आणून पाहावा: घराबाहेर, कुणाच्या तरी सोबतीने, जेवणानंतर, एकच वाटा. त्यानंतरचे तीन दिवस वहीत लिहावेत. ओढ पुन्हा पूर्वीसारखी उसळली, तर तो पदार्थ आपल्यासाठी नाही असे मानून तो बाजूला ठेवावा. उसळली नाही, तर अधूनमधून त्याचा आनंद घेण्यात काही वावगे नाही.

एखाद्या दिवशी ताबा सुटेलच. त्या दिवशीची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहणे ही सर्वांत हानिकारक प्रतिक्रिया आहे, कारण पुढच्या घसरणीची तयारी तिच्यातच होते. पुढचे जेवण वेळेवर, नेहमीसारखे आणि पुरेशा प्रथिनांसह घ्यावे, आणि वहीत आधीच्या चोवीस तासांत काय वेगळे घडले ते लिहावे. चुकलेले जेवण, अपुरी झोप, भांडण, मद्याचा एखादा पेला, यांपैकी काहीतरी तिथे बहुधा सापडते. घसरणी वाढत चालल्या, लपून खाणे सुरू झाले, किंवा खाल्ल्यानंतर स्वतःबद्दल तीव्र घृणा वाटू लागली, तर आहाराचा प्रयोग तिथेच थांबवून तज्ज्ञांची मदत घ्यावी.

वजन उतरवणे हाच हेतू असेल तर अपेक्षा माफक ठेवाव्यात. स्टॅनफर्डमधील ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या २०१८ सालच्या अभ्यासात ६०९ जणांनी वर्षभर अल्प-कर्बोदक किंवा अल्प-स्निग्ध आहार घेतला. पहिल्या गटाचे सरासरी ६ आणि दुसऱ्याचे ५.३ किलो वजन घटले आणि हा फरक लक्षणीय नव्हता. दोन्ही गटांना साखर आणि मैदा टाळून भाज्या वाढवायला सांगितलेले होते. मधुमेह असलेल्यांच्या रक्तातील साखरेच्या नियंत्रणासाठी मात्र कर्बोदके कमी करण्याला अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या २०१९ च्या अहवालानेही सबळ पुराव्याचा आधार असल्याचे म्हटले आहे. सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातील साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी), मूत्रपिंडाचे कार्य आणि कोलेस्टेरॉल यांच्या तपासण्या कराव्यात. काही लोकांत, विशेषतः लोणी-साईसारख्या संपृक्त स्निग्धांशावर भर असेल तर, एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ समजले जाणारे कोलेस्टेरॉल बरेच वाढते. तसे झाल्यास लोणी कमी करून दाणे, बिया, मासे आणि ऑलिव्ह किंवा शेंगदाण्याचे तेल वाढवावे, कडधान्यांचे प्रमाण थोडे वर न्यावे आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी.